पॅसेजमधला वळसा

१

दुपारची भांडी झाली, ओटा पुसला, जप उरकून माळ डबीत ठेवली, की आम्हा दोघींचा वर्ग भरायचा. लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि मी वही-पेन घेऊन तिच्या शेजारची खुर्ची ओढायची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला भिंगरी नाव पडलं, ते अजून सुटलेलं नाही. पण त्या दिवसांत भिंगरी चार-चार तास जागची हलत नसे.

तिला सिनेमाच्या शाळेत जायचं होतं. दोन वर्षं यादीत नाव लागलं नव्हतं. हे तिसरं वर्ष, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचं. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या खेपेला नाही झालं, तर एक तारखेपासून आमच्या कंपनीत. तक्रारीचे फोन घ्यायचे." हे लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. माणूस वाईट नाही, पण लिफ्टसारखंच ह्यांचंही आहे, वर नाहीतर खाली. आडवं जायचं ह्यांना ठाऊक नाही.

शाळेनं काम दिलं होतं ते असं. एक गाण्याचा व्हिडिओ निवडायचा. तो तुकड्या-तुकड्यानं सोडवून लिहायचा: कॅमेरा कुठे, उजेड कुठून, माणसं कशी चालतात. मग त्याच धाटणीत घरातल्या घरात तीन मिनिटांची फिल्म करून पाठवायची. लेकीनं निवडलं रॅप.

"आई, तुला नाही आवडणार हं. नुसतं बोलतात त्यात."

"बोलू देत की. मला कुठे त्याला जावई करायचाय?"

लिहून घ्यायला तिला मी हवी होते, कारण माझं मोजणं चुकत नाही. तिच्या जन्मापासून काही ना काही नेम चालूच आहे माझा. ती उशिरा चालायला लागली तेव्हा वर्षभर गोड सोडलं होतं. दहावीला एकवीस सकाळी मौन धरलं. या वर्षी रोज अकरा माळा. नेमानं माणूस कडक होतो म्हणतात; मला तर उलट वाटतं. नेम असला की मन मऊ राहतं. आपलं काम आपण केलं, पुढचं त्याच्यावर सोपवलं.

"शॉट सात," लेक सांगायची. "कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. उजव्या दारातून लाल उजेड. गायक समोरून येतोय, कॅमेरा मागे सरकतोय."

मी लिहायची. गायक हिरव्या कोटातला पोरगेला माणूस. इतकं भराभर बोलायचा, की माझ्या जपालाही तेवढा वेग नव्हता.

२

व्हिडिओत एकच लांब पॅसेज होता. आमच्या घरात आहे तसाच, मुख्य दारापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. दोन्ही बाजूंना दारं आणि प्रत्येक दारातून निराळ्या रंगाचा उजेड. मधून गायक चालतोय आणि त्याच्या आगेमागे दहा माणसं आपापल्या कामात: शिडी घेतलेला एक, कपड्यांचं गाठोडं घेतलेली एक, दोघी मुली, एक म्हातारा. एकूण एक्केचाळीस शॉट.

तिसऱ्या दिवशी मी पेन खाली ठेवलं.

"भिंगरे, ही माणसं तिसऱ्या दारापाशी वळसा का घालतात गं?"

"कुठे?"

"मागे घे. हा बघ शिडीवाला. सरळ येतोय, सरळ येतोय, आणि इथे भिंतीला लागून गेला. ही गाठोडंवाली पण. इथे तर काही ठेवलेलं नाही."

तिनं मागे घेतलं, पुढे घेतलं. प्रत्येक शॉटमध्ये, प्रत्येक माणूस. जमिनीवर नुसती फरशी.

"सांडलं असेल काहीतरी," ती म्हणाली.

पण मी घरात वावरणारी बाई आहे. सांडलेल्यावरून जाताना माणूस खाली बघतो. यांच्यातलं कुणीच खाली बघत नव्हतं. शिडीवाला शिडीचं मागचं टोक उचलून धरत होता, कुणाच्या डोक्याला लागू नये तसं. गाठोडंवाली पदर आवरून घेत होती. दोघी मुलींपैकी एकीनं जाता-जाता हात टेकवला. हवेत, कमरेच्या खाली. खाली बसलेल्या माणसाच्या खांद्यावर टेकवतो ना, "जरा हं" म्हणत, तसा.

"बसलेल्या माणसाच्या कडेनं चालतायत ही," मी म्हटलं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. "आई! हीच तर धाटणी आहे! उजेड-बिजेड सगळे बघतात. ही रिकामी सोडलेली जागा कुणाच्या लक्षात आली नसेल. माझी फिल्म यावरच करते."

तिचा चेहरा असा उजळला होता, की मला दुसरं काही सुचलं नाही. देवानंच दाखवलं म्हटलं.

३

आमच्या पॅसेजमध्ये न्हाणीघराच्या दारापाशी तिनं खडूनं गोल काढला आणि घरादाराला तालमीला जुंपलं. हे, माझे सासरे आणि खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी ताई. एवढंच आमचं नटमंडळ.

"माझ्याच घरात मला वळण लावताय," हे कुरकुरले.

"तीस वर्षांत मला नाही जमलं, लेकीला जमतंय तर जमू द्या की," मी म्हटलं. ताई फिसकन हसली.

मामंजी मात्र रंगात आले. काठी टेकत यायचे, गोलापाशी काठी अल्लद उचलायचे आणि मान झुकवायचे. "अरे, कुणीतरी वडीलधारं बसलंय असं समजून चालायचं," ते ह्यांना शिकवायचे. "तू काय खड्डा चुकवल्यासारखा चालतोस!"

दोन दिवसांत सगळ्यांना सवय झाली. मला मात्र एक गोष्ट खुपत होती. कुणासाठी जागा धरून ठेवायची आणि त्याला बसायला काही द्यायचं नाही, हे माझ्या हाताला जमेना. दारी आलेल्याला मी कधी उभं ठेवलेलं नाही. तोही एक नेमच आहे माझा. म्हणून मी आतलं बुटकं लाकडी स्टूल आणलं, ताईनं शिवलेली नवी उशी त्यावर घातली आणि ते गोलात ठेवलं.

"आई, फ्रेममध्ये स्टूल नकोय!"

"मग शूटिंगला उचल. एरवी असू दे."

तिनं कॅमेऱ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "आता बरोबर दिसतंय."

४

गुरुवारी पाणी गाळायच्या यंत्राचा मेकॅनिक आला. पहिल्यांदाच येत होता. त्या सकाळी मी स्टूल आणि उशी बाल्कनीत उन्हाला ठेवली होती आणि खडू तर दोन दिवसांपूर्वीच पुसला गेला होता. पॅसेज मोकळा होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो हत्यारांची पेटी घेऊन समोरून आला. न्हाणीघराच्या दारापाशी त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली, अंग चोरलं आणि म्हणाला, "जरा हं."

मी विचारलं, "का हो, तिथून वळून आलात?"

"वळून? नाही बुवा, सरळच आलो." त्याला प्रश्नच कळला नव्हता. "किती दिवस गळतंय?"

तो गेल्यावर मी स्वतःशी नीट विचार केला. मी घाबरट नाही. फरशीला उतार असेल, पाय आपोआप बाजूला जात असतील. एक लिंबू घेऊन तिथे ठेवलं. हललं नाही. वाटीभर पाणी ओतलं. तेही जागच्या जागी राहिलं. मग म्हटलं, न्हाणीघरातून ओल येत असेल, गारवा लागून माणूस बाजूला होत असेल. तळवा टेकवून पाहिला. फरशी कोमट होती. दुपार होती, उन्हाचे दिवस होते. असेल.

उशीचंही तसंच. सकाळी मी ती थोपटून फुगवायची, दुपारी मधोमध दबलेली असायची. नवा कापूस बसतोच.

पण शुक्रवारी पॅसेज पुसून मी उठले, कंबर सरळ करून मागे वळून पाहिलं, आणि माझ्याच घरात मला परकं वाटलं. सगळी फरशी ओली चमकत होती आणि न्हाणीघरापाशी बैठकीएवढा कोरडा गोल होता. स्टूल अजून बाल्कनीतच होतं. बावीस वर्षं ही फरशी मी पुसते आहे. कुठल्या कोपऱ्यात कपचा उडालाय ते माझ्या बोटांना पाठ आहे. आणि तरी माझा हात तिथून वळसा घालून गेला होता. मला न विचारता.

मी फडकं पिळलं. गोल पुसायला वाकलेही. मग वाटलं, असू दे. कुणाला उठवायचं कशाला?

५

शनिवारी शेवटचा शॉट होता आणि संध्याकाळपर्यंत सगळं पाठवायचं होतं. सकाळी लेक कॅमेरा आणायला गेली. मी टिपणं सुवाच्य अक्षरात उतरवायला घेतली. तिनं सांगितलेलं होतं, "आई, प्रत्येक शॉटमध्ये माणसं किती, तेही एका रकान्यात लिही." म्हणून व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज बंद केला, माळ घेतली, एका माणसाला एक मणी.

पहिला शॉट. गायक धरून अकरा.

शेवटचा शॉट, एक्केचाळीसावा. गाणं संपलेलं, नुसती माणसं पॅसेजमधून जातायत. दहा. हिरवा कोट नाही.

लेकीनं त्यापुढे लिहायला सांगितलं होतं, "गायक फ्रेमबाहेर." पण बाहेर गेला कधी? मी मागे गेले. अडतिसाव्या शॉटमध्ये तो तिसऱ्या दारापाशी येतो. बोलत-बोलतच खाली बसतो, त्या रिकाम्या जागी. एकोणचाळिसावा, त्याचा चेहरा. दमलेल्या माणसाला बसायला मिळालं की होतो तसा निवांत. चाळिसावा, नुसती दारं. मग एक्केचाळीस.

तो शॉट मी पुन्हा लावला आणि शिडीवाल्यावर नजर ठेवली. तिसऱ्या दारापाशी त्यानं शिडीचं टोक उचललं, वळसा घातला. टोक खाली आणलं. एक पाऊल टाकलं. आणि परत उचललं.

गाठोडंवालीनं पदर दोनदा आवरला. मुलीनं हात दोनदा टेकवला, एकदा इथे आणि एकदा त्याच्या शेजारी.

चार वेळा पाहिलं मी. मला जास्त कशानं लागलं असेल, तर दहाजणांपैकी कुणीही मागे वळून बघत नव्हतं. आत्ता इथे होता तो कुठे गेला, असं कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

असतील त्यांच्या काही युक्त्या. सिनेमावाले काय वाट्टेल ते करतात. असं म्हणतच मी वही मिटली, तेवढ्यात दार उघडलं आणि लेक आत आली. खांद्यावर कॅमेरा, हातात एक पिशवी. पिशवीतून तिनं हिरवा कोट काढला.

"मैत्रिणीकडून आणला. शेवटच्या शॉटला मी स्वतः येते आणि स्टुलावर बसते. कसा दिसतो?"

६

"तू नाही बसायचंस," मी म्हटलं.

"म्हणजे? मुख्य पात्र मी आहे, आई."

"आणि कॅमेऱ्यामागे कोण? बाबा? त्यांना बटण दिसलं की ते तळमजल्याचं वाटतं."

ती हसली, पण कोट घालायचं थांबली नाही. "कॅमेरा स्टँडवर ठेवून चालू करेन."

"आणि माणसं धूसर आली तर? आजच पाठवायचंय. दोन वर्षं थांबलीस त्या एका शॉटसाठी, आणि तो न बघता घेणार?" मी तिच्या अंगातून कोट उतरवला. "मी बसते. दिवसभर घरात सगळ्यांच्या पायांतून वावरणारी बाई. ती एकदाची बसते आणि घर तिच्या कडेनं चालत राहतं. कोट नको, मी आहे तशी."

खरं सांगते, हे मला कुठून सुचलं माहीत नाही. मला फक्त तिला तिथून दूर ठेवायचं होतं. पण तिचे डोळे बारीक झाले, आतल्या आत ती बघायला लागली, आणि मला कळलं, जमलं.

"आई," ती म्हणाली, "हे माझ्यापेक्षा चांगलं आहे."

माणसं जमेपर्यंत मी देवापुढे दोन मिनिटं उभी राहिले. मागणं साधं होतं. हिच्या वाटेत जे बसलंय ते माझ्याकडे असू दे. हिचा पाय त्या जागेला कधी लागू नये. त्याबदल्यात जे सोडायचं असेल ते तूच ठरव, मला विचारू नकोस. इतका मोकळा नेम मी कधी बोलले नव्हते. मनाला फार बरं वाटलं.

मग मी पॅसेजमधून चालत गेले आणि रात्रीच परत आणून ठेवलेल्या स्टुलावर बसले.

उशी गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर असते तशी नव्हे. कुणी न उठता, थोडं बाजूला होऊन जागा द्यावी तशी.

"ॲक्शन!" लेक ओरडली. समोरून मामंजी आले, काठी उचलून गेले. ताई गेली, कपड्यांचा ढीग छातीशी धरून. हे गेले, आणि जाता-जाता ह्यांचा हात माझ्या खांद्यावर टेकला. तालमीत असं ठरलेलं नव्हतं.

मी समोर कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. पण त्या उंचीवरून घर निराळंच दिसतं. मी नजर जरा डावीकडे नेली. भिंत होती तिथे भिंतच होती, पण भिंतीच्या कडेनं गुडघे दिसले. बसलेल्या माणसांचे गुडघे, एकाला एक लागून, पार दारापर्यंत. चेहरे वर अंधारात होते, मी मान उचलली नाही. माझ्या अगदी शेजारच्या गुडघ्यांवर हिरवं कापड होतं. ते गुडघे तालावर हलत होते.

"कट!"

पॅसेज मोकळा होता. लेक धावत आली, तेव्हा मी घाईनं उठून तिच्या आडवी झाले आणि तिला अलीकडेच मिठीत घेतलं.

७

शॉटमध्ये मी छान आले होते. अगदी स्पष्ट, गालावरच्या तिळासकट. मी चार वेळा विचारलं आणि चार वेळा तिनं दाखवलं. मग माझाही जीव भांड्यात पडला. फिल्म संध्याकाळी गेली आणि तीन आठवड्यांनी यादी लागली. भिंगरीचं नाव चौथं. तिथल्या सरांनी फोनवर तिला सांगितलं म्हणे, "तुमच्या आईंना अभिनय येत नाही, तेच फार चांगलं आहे." ह्यांनी इमारतीतल्या लिफ्टच्या आरशावर पेढा चिकटवायचा तेवढा बाकी ठेवला.

ती गेली. निघताना उंबऱ्याबाहेर माझ्या गळ्यात पडून रडली. स्टूल मी माळ्यावर टाकलं.

घर शांत झालं. दोन माणसं आणि एक म्हातारा, बोलणार तरी काय? हे आताशा चहा आपला आपण करून घेतात. दोन कप करतात, एक मामंजींना देतात. मी ओट्याशी उभी असले, तर "जरा हं" म्हणून कडेनं साखरेचा डबा काढतात. तीस वर्षांच्या संसारात होतं असं. ताई परवा आली, तासभर मामंजींशी गप्पा मारून गेली. माझ्याकडे बघायचं राहिलं तिचं. तिलाही लग्नसराईचे कपडे शिवायची घाई. लेकीचा रविवारी फोन येतो. हे बोलतात, मी शेजारी असते, तिचा आवाज कानावर पडतो. तेवढंच पुरतं मला.

गुडघे दुखतात म्हणून मी दुपारची न्हाणीघरापाशी खालीच बसते. तिथून मुख्य दारही दिसतं आणि गॅसही. फरशी कोमट असते, बरं वाटतं.

८

काल लेक सुट्टीवर आली. चार महिन्यांनी.

जिन्यातच तिचा आवाज ऐकला मी. उठायला हवं होतं. उठलेच होते असं वाटलं. दार उघडलं. केस कापलेत तिनं. मोठी दिसते. पाठीवर पिशवी, हातात बॅग. ह्यांनी बॅग घेतली, मामंजींनी काठी टाकून तिचा चेहरा ओंजळीत धरला.

मग ती पॅसेजमधून निघाली. सरळ. भराभर, तिच्या चालीनं. मी तिच्या पावलांकडे बघत होते. पहिलं दार. दुसरं दार. मी दोन्ही हात पुढे केले आणि तेवढ्यात मला माझं मागणं आठवलं. हात मागे घेतले. पदरही आवरला.

माझ्यापासून हातभर अंतरावर तिनं पाठीवरची पिशवी सोडवून पोटाशी धरली, अंग चोरलं आणि भिंतीला लागून निघून गेली. तिच्या ओढणीचं टोक माझ्या गालावरून गेलं. साबण बदललाय तिनं.

"आई कुठेय?" स्वयंपाकघरातून तिनं विचारलं.

"असेल इथेच," हे म्हणाले. "चहा टाकू ना?"

ती पुन्हा दारात आली. पॅसेजभर नजर फिरवली, थोडी थांबली. "आई?"

माझ्या शेजारून कुणीतरी गुडघ्यानं मला हळूच ढोसलं, बोल ना, म्हणाल्यासारखं. मी मानेनंच नाही म्हटलं. बोलावलं असतं तर ती आली असती, सरळ आली असती. मी ओळखते तिला.

ती आत वळली. पाय फरशीला कुठे-कुठे लागले ते मी नीट पाहिलं होतं. त्या जागेला लागले नव्हते. मी हात जोडले.